अण्णांचं म्हणणं

"चहा नको, ताक दे," अण्णा म्हणाले, तेव्हा त्यांचे ओठ हलले नाहीत. आवाज मात्र त्यांचाच होता, जरा घोगरा, 'दे' किंचित लांबवणारा. तो आला खुर्चीला अडकवलेल्या छोट्या डबीतून. त्यांची नात ईश्वरी ताक आणायला आत गेली. ही डबी घरात नवी होती तेव्हा शेजारपाजारचे लोक अण्णांना नुसतं ताक मागताना ऐकायला येऊन बसत. आता कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

अण्णा म्हणजे ज्ञानदेव सस्ते. माण तालुक्यातल्या खडकवडीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे अण्णाच म्हणत, नातही अण्णाच म्हणे. चाळीसेक वर्षं त्यांनी राजकारण केलं. आमदार कधी झाले नाहीत, जिल्हा परिषदेवर एकदाच गेले, पण तालुक्यात सभा म्हटली की अण्णा हवेतच. त्यांनी दोन पक्ष सोडले, माईक कधी सोडला नाही, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत आणि अण्णाही हसत.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे गायरान. गावाच्या वरच्या अंगाला गुरं चारायला राखलेली सामाईक जमीन होती, आणि एका मोठ्या सौरऊर्जा कंपनीला ती हवी होती. अण्णा कचेरीसमोर उपोषणाला बसले, लोकांबरोबर लाठ्या खाल्ल्या, कोर्टात गेले. मधल्या काळात सरकारं बदलली, कंपनीचे साहेब बदलले, आणि शेवटी गायरान गावाकडंच राहिलं. 'गायरानाचं ढेकूळसुद्धा कुणाला मिळायचं नाही' हे त्यांचं वाक्य गावातल्या लहान पोरांनाही पाठ होतं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं, शब्दही मनात जुळत होते, पण ते जिभेपर्यंत पोचत नव्हते. ज्या माणसाला गप्प बसवायला विरोधकांना कधी जमलं नव्हतं तो वर्षभर ओसरीवर मुका बसून राहिला. ईश्वरी तेव्हा पुण्यात होती. उपग्रहांनी काढलेल्या चित्रांवरून जमिनीतली ओल मोजण्याचं तिचं काम होतं, ते कुठूनही करता येण्यासारखं होतं. ती सामान घेऊन गावी आली ती अण्णांसाठीच.

वाचासेतू नावाच्या यंत्राची माहितीही तिनंच काढली. अण्णांच्या कवटीच्या आत, ओठांना आणि जिभेला हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागावर, डॉक्टरांनी नखाएवढी पातळ जाळी बसवली. माणूस मनात शब्द उच्चारायला गेला की त्या भागात विजेच्या बारीक लहरी उठतात. जाळी त्या टिपते, डबीतलं यंत्र त्यावरून शब्द लावतं आणि बोलून दाखवतं. आवाज कुणाचा द्यायचा हे ठरवायला साताऱ्याच्या डॉक्टर मुल्लाबाईंनी अण्णांची जुनी भाषणं मागितली. गावानं ती हौसेनं गोळा केली. कुणाच्या जुन्या फोनमध्ये सभा होत्या, कुणाकडं लग्नातली मनोगतं, कुणाकडं केबलवरच्या मुलाखती. एवढं बोललेला पेशंट मला आजवर मिळाला नव्हता, असं मुल्लाबाई म्हणाल्या होत्या. त्याचा यंत्राला शिकवायला फार उपयोग झाला.

अण्णा पहिल्यांदा बोलले त्या दिवशी त्यांचा मुलगा प्रवीण, म्हणजे ईश्वरीचे वडील, गोठ्यात जाऊन रडून आले. प्रवीण गावचे सरपंच होते. वडिलांशी उभ्या जन्मात त्यांचं फारसं बोलणं झालं नव्हतं, कारण अण्णा घरात कमी आणि सभेत जास्त. आता ते रोज संध्याकाळी अण्णांजवळ बसून ग्रामपंचायतीतल्या गोष्टी सांगत, आणि डबीतून पूर्वीसारखीच ठणठणीत मतं येत. प्रवीणना ते फार आवडे.

त्याच वर्षी सरकारची पुनर्वसनाची योजना आली. समुद्र चढत चालला होता. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी घरात शिरे, विहिरी खारट झाल्या होत्या, आणि काही गावं कायमची उठवायची ठरलं होतं. त्यातली माणसं घाटावरच्या गावांत वसवायची, पण गावाची ग्रामसभा हो म्हणाली तरच, असा नियम होता. खडकवडीच्या गायरानासाठी कोळ्यांच्या एका गावाचं नाव आलं.

गावाला ते पसंत पडण्यासारखं नव्हतं. उन्हाळ्यात खडकवडीलाच टँकरची वाट पाहावी लागे. शिवाय गायरान म्हणजे अण्णांचं गायरान. प्रवीणनी स्पष्ट सांगितलं होतं की ग्रामसभेत विरोध करायचा, आणि अण्णांनी त्या दिवशी दोन शब्द बोलावेत.

सभेच्या आधी त्या गावाची हेमांगी तांडेल नावाची बाई जागा बघायला आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, बोलायला मोकळी. तिकडच्या बायकांची मासळी सुकवण्याची संस्था ती चालवायची. प्रवीणनी पाहुणचारात काही कमी केलं नाही. जेवण झाल्यावर ती अण्णांसमोर येऊन बसली. आपलं गाव तीनदा मागं सरकलं, आता सरकायला मागं डोंगरच आहे, असं तिनं शांतपणे सांगितलं. गावानं एक तळं दिलं तर गोड्या पाण्यात मासळी पाळू, पण आधी पाय ठेवायला जागा द्या, म्हणाली.

अण्णा तिच्याकडं बघत होते. मग डबी बोलली, "गायरानाचं ढेकूळसुद्धा कुणाला मिळायचं नाही. ज्या जमिनीसाठी या गावानं लाठ्या खाल्ल्या, ती वाटून टाकायला आम्ही बसलेलो नाही."

हेमांगीबाईंनी हात जोडले आणि त्या उठल्या. तेवढ्यात अण्णांनी चांगला असलेला डावा हात पुढं करून त्यांच्या पिशवीचा बंद धरला. सोडेनात. झटक्यानंतर बोटं कधी कधी अशी आवळतात, असं सांगत प्रवीणनी एकेक बोट हलक्या हातानं सोडवलं. बाई गेल्या. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. गायरानाचा विषय निघाला की त्यांना अजून भरून येतं, असं प्रवीण बाहेर उभ्या असलेल्यांना म्हणाले.

ईश्वरीनं अण्णांचा चेहरा पाहिला होता. तो भरून आलेल्या माणसाचा नव्हता. कोंडलेल्या माणसाचा होता.

पुढचे काही दिवस ती यंत्राचं बोलणं लक्ष देऊन ऐकत राहिली. ताक, पांघरूण, पाठीला खाज, कोण आलं होतं, हे सगळं बरोबर येई, आणि अण्णांची मानही त्याच्याशी जुळे. पण विषय राजकारणाचा निघाला, की डबी सुसाट सुटे आणि अण्णा डोळे मिटून घेत. वाक्यं इतकी गोळीबंद येत, की ऐकताना पुढचा शब्द तिलाही आधी सुचे.

मग एका सकाळी कामाला बसली असताना तिचं तिलाच कोडं उलगडलं. तिच्यासमोर जिल्ह्याच्या ओलीचा नकाशा होता आणि त्याच्या एका भागावर ढग होते. ढगाखालची जमीन उपग्रहाला दिसत नाही. तेव्हा संगणक मागच्या सगळ्या वर्षांची माहिती बघतो, आणि त्या जागी या सुमारास एरवी जेवढी ओल असते तेवढी भरून टाकतो. बहुतेक वेळा ते बरोबर येतं. चुकतं ते ज्या वर्षी काही वेगळं घडलेलं असतं त्याच वर्षी, आणि नकाशा मात्र अखंड, सुबक दिसतो. भरलेला भाग कुठला आणि पाहिलेला कुठला ते वरून कळत नाही.

ती दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेली. मुल्लाबाईंनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि यंत्रात साठलेली, हेमांगीबाई आल्या होत्या त्या दुपारची नोंद उघडली. यंत्राचं ते अंगच आहे, असं त्यांनी समजावलं. मेंदूच्या लहरी नेहमी पुसट येतात, अर्धे शब्द कळतच नाहीत. म्हणून यंत्र त्या माणसाचं आधीचं बोलणं बघून मधला भाग अंदाजानं भरतं. त्याशिवाय बोलणं असं घडाघडा येणारच नाही. माणूस जितका जास्त बोललेला, तितका अंदाज पक्का. हे बोलता बोलता बाईंचा आवाज हळू झाला.

"त्या दुपारी त्यांच्याकडून स्पष्ट आलेला शब्द एकच दिसतोय," त्या म्हणाल्या. "गायरान. पुढचं सगळं यंत्रानं भरलंय."

ईश्वरीनं विचारलं, मग ते थांबवायचा प्रयत्न करत नसतील का? बाईंनी पुन्हा नोंद पाहिली. लहरी येत होत्या, जोराच्या येत होत्या, पण यंत्रानं त्यांचाही त्याच वाक्यांशी मेळ लावून घेतला होता. बाईंनी नोंद बंद केली. मग त्यांनी सांगितलं की अंदाजाचा भाग बंद करता येतो. यंत्राला जेवढं खात्रीनं ऐकू आलं तेवढंच ते बोलेल, नाहीतर गप्प राहील. पण एकेका शब्दासाठी अण्णांना झगडावं लागेल, ते दमतील, आणि ऐकणाऱ्यालाही दम धरावा लागेल. "त्यांना विचारून करा," त्या म्हणाल्या. "बोलणं त्यांचं आहे."

घरी येऊन ईश्वरी अण्णांच्या पायाशी बसली. त्यांचा डावा हात तिनं हातात घेतला आणि हो असेल तर दाबा म्हणाली. तुम्ही म्हणत नाही ते यंत्र बोलतं का? अण्णांनी हात दाबला. पहिल्यापासून? पुन्हा दाबला. मग का नाही सांगितलं, असं विचारणार होती, आणि तेवढ्यात तिलाच उत्तर सुचलं. सांगणार कशानं? सांगायला गेले की डबीतून त्यांचं जुनं भाषणच बाहेर पडत होतं, आणि घरातले सगळे कौतुकानं मान डोलवत होते. वर्षभर मुके होते तेव्हा निदान लोक त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. अण्णांनी तोच हात तिच्या केसांवरून फिरवला.

अंदाज बंद करू का, असं विचारल्यावर अण्णांनी हात दाबला, आणि तो बंद केल्यावर डबीतून पहिला शब्द यायला इतका वेळ लागला की यंत्र बिघडलं असं तिला वाटलं.

"बरं," अण्णा म्हणाले. नंतर बऱ्याच वेळानं, "झालं."

त्यानंतर रोज सकाळी न्याहारी झाल्यावर दोघं ओसरीवर बसत. अण्णा एखादा शब्द काढत, मग कपाळावर घाम येई, मग दुसरा. ईश्वरीला मधला शब्द सुचे, पण ती तो बोलत नसे. तिला एक भीतीही होती. यंत्राची जागा आपण तर घेत नाही ना? म्हणून ती प्रश्न उलटून-पालटून विचारी. तिचं स्वतःचं मत विचाराल तर तिला जमीन द्यायची नव्हती. या मातीत किती ओल आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी अण्णा प्रत्येक वेळी तेच सांगत होते, द्या.

असं का, हे त्यांनी कित्येक सकाळी मिळून सांगितलं. साताऱ्याच्या दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर किनाऱ्यावरचा एक म्हातारा होता. तो दिवसभर बोलायचा. त्याचं गाव, मासेमारीचे दिवस, कोणाच्या घरात पाणी कुठवर आलं, शाळेच्या भिंतीवर शेवाळ कसं चढलं. अण्णांनी आयुष्यात कुणाचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं. एरवी त्यांनी दोन वाक्यांत त्याला अडवून आपलं सुरू केलं असतं.

"थांबवता... येईना," डबी म्हणाली, आणि अण्णांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली. "म्हणून... ऐकलं."

ऐकता ऐकता त्यांना आपल्याच भाषणांची आठवण येऊ लागली. कंपनीला जमीन नाकारली ते बरोबरच होतं, त्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. कंपनीला ती हवी होती नफ्यासाठी. या माणसांना ती उभं राहायला हवी होती. गायरानावर आता चरायला गुरं तरी किती जात होती? वर्षभर ओसरीवरून ते बघत होते, तिकडं कुणी फिरकत नव्हतं.

एका सकाळी ईश्वरीनं त्यांना विचारलं की देशाचं पुढं काय होईल असं वाटतं. लहानपणी हा प्रश्न विचारला की तासाची निश्चिंती असे. आता अण्णा बराच वेळ कुंपणाकडं बघत राहिले.

"माणसं... हलतील," ते म्हणाले. "सगळीकडं. कुठं पाणी... लई. कुठं... न्हाईच. आज ती. उद्या... आपण." थोडं थांबून त्यांनी आणखी काही शब्द काढले. "देश... म्हंजे काय... तवा... कळंल."

त्यांना दुसरीही एक काळजी होती. पूर्वी सभेला येताना माणूस एका विचाराचा असे आणि कधी कधी जाताना दुसऱ्या. भांडण होई, कुणी उठून जाई, पण कुणाचं तरी पटे. आता कोण कुठल्या मताचा हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, फोनलाही ठाऊक असतं, आणि जो तो आपलंच ऐकत बसतो. एवढं सांगायला अण्णांना चार सकाळी लागल्या. शेवटी ते खुर्चीत झोपी गेले आणि ईश्वरीनं त्यांच्या अंगावर शाल टाकली.

प्रवीणना तिनं सगळं सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत, पण त्यांचा विश्वासही बसला नाही.

"अगं, इतके दिवस बोलत होते ते अण्णा नव्हते म्हणतेस," ते म्हणाले. "आणि आता हे तुटक तुटक बोलतंय ते अण्णा. हे कशावरून? तू रोज त्यांच्याजवळ बसतेस. तुला हवं तेच तू ऐकत नसशील कशावरून?"

मला हवं ते हे नाही, एवढंच ईश्वरी म्हणाली, आणि तुम्हीच विचारा, मी घरात थांबत नाही, असं सांगून ती मळ्यात निघून गेली.

ती परत आली तेव्हा प्रवीण ओसरीच्या पायरीवर बसले होते. डोळे लाल झालेले. आत काय बोलणं झालं ते त्यांनी पुरतं कधीच सांगितलं नाही. अण्णा जमीन द्या म्हणाले, एवढं कबूल केलं. मग सांगितलं की संध्याकाळी बसून मी त्यांच्याशी बोलत होतो असं समजत होतो, आणि ते तिथं आत बसून होते, मला हाका मारत. ईश्वरी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"तरी मी विरोधच करणार," प्रवीण म्हणाले. "पाणी नाही आपल्याकडं. मी सरपंच आहे, मला गावाला तोंड द्यायचंय. त्यांना तसं सांगितलं मी."

"मग काय म्हणाले?"

"कर म्हणाले." प्रवीण जरासे हसले. "ऐकून कर म्हणाले."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात सकाळी भरली. एरवी गणपूर्तीची मारामार असे, त्या दिवशी बसायला जागा नव्हती. हेमांगीबाई आपल्या गावच्या दोघांबरोबर एका बाजूला बसल्या होत्या. प्रवीणनी विषय मांडला. पाण्याचा हिशोब सांगितला, आपला विरोध सांगितला, आणि त्यात काही लपवलं नाही. मग म्हणाले, अण्णांना बोलायचंय. त्यांना वेळ लागेल. मधे कुणी बोलू नका.

ईश्वरीनं खुर्ची पुढं नेली आणि डबीजवळ माईक धरला. पटांगणात शांतता पसरली. ती लांबत गेली. मागं कुणीतरी खोकलं.

"गायरान..." अण्णा म्हणाले.

"देणार नाय!" अर्ध्या सभेनं एका सुरात वाक्य पुरं केलं. टाळ्या पडल्या. वर्षानुवर्षं ती सभा अशीच बोलत आली होती, अण्णा अर्धं सोडायचे आणि लोक उरलेलं उचलायचे. लोकांच्या चेहऱ्यावर जुनं माणूस परत भेटल्याचा आनंद होता.

अण्णांनी डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. टाळ्या ओसरल्या. हाताला रग लागली तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. ईश्वरीला तो हात धरावासा वाटला, पण ती हलली नाही.

"द्या," अण्णा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. काहींना ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं, जो त्यांच्याबरोबर उपोषणाला बसला होता, उठून विचारलं, "अण्णा, काय म्हनलास?"

"द्या," अण्णा पुन्हा म्हणाले. मग एकेक करून शब्द आले, आणि मधल्या प्रत्येक जागेत सगळं गाव थांबून राहिलं. "तवा... बरोबर... होतं. आता... हे... बरोबर." त्यांनी श्वास घेतला. "माझं... ऐकू नका. तिचं... ऐका."

एवढं बोलून त्यांनी हात खाली घेतला आणि हेमांगीबाईंकडं बघितलं.

मग त्या बोलल्या. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण अण्णांची वाट बघता बघता त्या दिवशी सभेला थांबायची सवय झाली होती. पुढं वादही झाला, चांगला कडाक्याचा. पाण्याचं काय, मसणवट्याचं काय, मासळीच्या वासाचं काय, उद्या आणखी लोक आले तर काय. उपोषणवाला म्हातारा अण्णांवर रागावला होता, तो तसं बोललाही. त्या दिवशी निर्णय झालाच नाही. पुढच्या सभेत थोड्या मतांनी ठरलं की गायरानाचा खालचा तुकडा द्यायचा, सगळी नाहीत तरी अर्धी कुटुंबं घ्यायची, आणि सरकारनं आधी तळ्याचा गाळ काढून द्यायचा. ईश्वरीनं कुठं खोदलं तर ओल लागेल ते नकाशावर दाखवलं. प्रवीणनी मत विरोधात दिलं, आणि दुसऱ्या दिवशी घरांच्या जागा आखायला दोरी घेऊन स्वतः गेले.

संक्रांतीनंतर कुटुंबं आली. सगळं गोड झालं असं नाही. नळावर भांडणं झाली. सुकत टाकलेल्या मासळीवरून एकदा पोलीस बोलवावे लागले. उरलेली अर्धी कुटुंबं कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात गेली, त्यात हेमांगीबाईंची सख्खी बहीण होती, हे त्यांनी गावाला विसरू दिलं नाही. पण तळ्यात मासे सोडले गेले, शाळेत पोरं वाढली, आणि हेमांगीबाई रोज संध्याकाळी अण्णांच्या ओसरीवर येऊन बसत. अण्णा काही बोलत, मग थांबत, आणि त्या भाजी निवडत त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांच्या जुन्या पक्षाचे दोन पदाधिकारी भेटायला आले. आदबीनं बसले, तब्येतीची चौकशी केली, मग कामाचं बोलले. अण्णांची सगळी भाषणं वाचासेतूच्या यंत्रात आहेतच. आता खडकवडीच्या सभेतलंही त्यात घालू. अंदाज करणारा भाग आणखी सुधारलाय. अण्णांच्या नंतरही गावाला, तालुक्याला काही अडलं तर लोक त्यांना विचारू शकतील, आणि त्यांच्याच आवाजात सल्ला मिळेल. शेजारच्या जिल्ह्यांतल्या दोन दिवंगत पुढाऱ्यांचं असं केलंय. लोक मत देण्याआधी त्यांना विचारून जातात. उद्या सगळ्या देशात हेच होणार, म्हणाले. अनुभवी माणसं आता वाया जायची नाहीत.

वडिलांचा आवाज घरात कायमचा राहील, संध्याकाळी त्याच्याजवळ बसता येईल, हे प्रवीणच्या मनात आलं आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ईश्वरीनं मान वळवून अंगणाकडं बघितलं. खरं सांगायचं तर तिलाही हो म्हणावंसं वाटत होतं. अण्णा आता दिवसेंदिवस थकत चालले होते. पूर्वी सकाळभरात पुरं होणारं वाक्य दोन-तीन दिवस चालायचं, आणि एखादं अर्धंच राहायचं.

पदाधिकाऱ्यांपैकी एकानं वाकून विचारलं, अण्णा, तुमची संमती आहे ना?

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. मग प्रवीणकडं, मग ईश्वरीकडं. तिला ओळखीचा तो घाम त्यांच्या कपाळावर आला. पाहुण्यानं घड्याळ पाहिलं आणि लगेच हात मागं घेतला. सगळे थांबले.

"मी... गेल्यावर," अण्णा म्हणाले.

पाहुणा समजल्यासारखी मान हलवून काही बोलायला गेला. प्रवीणनी त्याच्या हातावर हात ठेवून त्याला गप्प केलं. बराच वेळ गेला. डबी पुन्हा बोलली, आणि या वेळी शब्द न अडखळता आले, जणू अण्णांनी ते आत आधी नीट जुळवून ठेवले होते.

"माझं मत बदलणार कोण?"